गणिताच्या सरांची ओळख

कार्यक्रमात कुणी मला म्हणालं की, "पाहुण्यांची ओळख तेवढी तुम्ही करून द्या, तुमचा आवाज छान आहे," की माझं डोकं फिरतं. मी सरळ नाही म्हणते. लोकांना वाटतं, बाई शिष्ट आहेत. वाटू दे. आवाज छान आहे हे मला आठवीपासून माहीत आहे, आणि त्या आवाजाच्या नादात मी काय करून बसले हेही माहीत आहे.

आमचं हायस्कूल भिवंडीत धामणकर नाक्यापासून आत एका गल्लीत होतं. हायस्कूल ते पाटीपुरतं. खाली दोन खोल्या, वर दोन, जिन्याखाली ऑफिस, आणि मागची भिंत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला चिकटलेली. शाळा भरायची तेव्हा भिंतीपलीकडे सकाळची शिफ्ट ऐन रंगात आलेली असायची. खटखट, खटखट, दिवसभर. बाकावर हात ठेवला तर हात थरथरायचा आणि पाण्याच्या पिंपात सदा बारीक लाटा उठलेल्या असायच्या. त्यामुळे आमच्याकडे शिक्षक शिकवत नसत, ओरडत. कवितासुद्धा ओरडून. लाईट गेली की लूम एकदम बंद पडायचे आणि चारही वर्गांतले शिक्षक ओरडणं अर्ध्यावर सोडून हळू बोलायला लागायचे. तेवढ्यापुरती ती शाळा वाटायची.

शिक्षक सहा. मुख्याध्यापकांना आम्ही हेडसर म्हणायचो. ते इंग्रजी शिकवत आणि उरलेल्या वेळात नळासाठी, खोलीसाठी, बाकांसाठी अर्ज लिहीत. मराठीच्या बाई कल्याणहून एसटीनं येत आणि पहिल्या तासाचा अर्धा वेळ एसटीच्या तक्रारीत घालवत. चित्रकलेचे सर पीटीही घेत. त्यांनी नुसत्या हातानं काढलेलं वर्तुळ गोल गरगरीत असे आणि त्यांनी आखलेली कवायतीची रांग वेडीवाकडी. विज्ञानाचे सर प्रयोग तोंडी करून दाखवत, कारण शाळेत परीक्षानळ्या होत्या चार आणि त्याही कुलपात. हिंदीचे सर खूष झाले की 'शाबाश' म्हणत आणि संतापले तरी 'शाबाश'च म्हणत. कुठला शाबाश आहे हे त्यांच्या छडीवरून ओळखायचं. आणि सहावे गणिताचे सर.

गणिताचे सर भिवंडीजवळच्या वळ गावचे. आता वळला गोदामांशिवाय काही दिसत नाही, तेव्हा भाताची खाचरं होती. त्यातल्या एका तुकड्यावर सरांची आई आणि बायको राबत आणि सर सायकल मारत शाळेत येत. सहा-सात वर्षं लूमवर काम करून, शिफ्ट सांभाळून ते बी.एस्सी. झाले होते, मग बी.एड. झाले होते. मी आठवीत गेले त्या जूनमध्ये ते आमच्या शाळेत आले. नेमणूक तात्पुरती, दोन वर्षांची. दुसऱ्या वर्षी तपासणीचे साहेब येतील, ते काय शेरा देतात ते बघून संस्था त्यांना कायम करेल किंवा घरी पाठवेल, असं आम्हाला शिपाईमामांनी सांगितलं होतं. शाळेतल्या सगळ्या खऱ्या बातम्या शिपाईमामांकडूनच कळायच्या.

आणि ही नोकरी गेली तर सरांना दुसऱ्या कुठल्या शाळेत नोकरी मिळणं कठीण होतं. का, ते आम्हाला महिन्याभरातच कळलं.

सर फळ्याकडे तोंड करून समीकरण सोडवत होते. लाईट गेली. लूम थांबले. शेजारच्या वर्गातल्या मराठीच्या बाईंचा आवाज खाली आला. आमचे सर मात्र तेवढ्याच जोरात, फळ्याकडे बघत, "दोन्ही बाजूंतून पाच वजा करा," असं ओरडत राहिले. मागून एका मुलानं कोंबडा आरवल्यासारखा आवाज काढला. सर वळले नाहीत. मग दुसऱ्यानं म्हैस काढली. वर्ग हसून हसून लोळायला लागला. सर वळले, त्यांनी हसणारे चेहरे बघितले, सदऱ्याला खडू लागलाय का ते तपासलं आणि पुन्हा फळ्याकडे तोंड केलं.

पुढचे आठ-दहा दिवस आम्ही जे केलं ते आठवलं की मला आमची किळस येते. लाईट जायची वाट बघायचो. गेली की प्राणिसंग्रहालय सुरू. मीही मागे नव्हते. एकदा त्यांच्या पाठीमागे उभी राहून मी हेडसरांच्या आवाजात त्यांना असं झापलं की मुलं बाकाखाली गेली. सगळे म्हणाले, काय आवाज आहे तुझा! मी आठ दिवस त्या कौतुकावर जगले.

मग एक दिवस सरांनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि आमच्याकडे तोंड करून उभे राहिले.

"मला ऐकू येत नाही हे तुम्हाला कळलंय," ते म्हणाले. "डावा कान लहानपणी फुटला. उजव्यात जे काय होतं ते लूमनं खाल्लं. आता लूम चालू काय नि बंद काय, मला सारखंच. कुणाकुणाच्या घरात माणूस लूमवर आहे? हात वर करा."

चारपाच जण सोडले तर सगळा वर्ग.

"कारखान्यात डबा घेऊन जाता ना? तिथे बापाशी कसं बोलता?"

हे काय विचारणं झालं, असं आम्हाला वाटलं. लूमच्या कारखान्यात ओरडून काही उपयोग नसतो. तिथे माणसं आवाज न काढता बोलतात. एकेक शब्द ओठांनी नीट घडवायचा, समोरच्यानं ओठ बघायचे, आणि हाताची थोडी मदत घ्यायची. तळहात वर उचलला की ऊठ, मूठ छातीशी नेली की थांब. चार लूम पलीकडच्या माणसाला घरची सगळी हकिगत अशी सांगता येते. आम्ही पोरं हे बोलणं साध्या बोलण्याबरोबरच शिकलो होतो. माझे वडील तर घरीसुद्धा माझ्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघत.

पहिल्या बाकावर माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण उभी राहिली आणि आवाज न काढता म्हणाली, "तोंड दाखवून, सर."

सरांनी ते टिपलं आणि पहिल्यांदा आमच्यासमोर हसले. "मग माझ्याशी तसंच बोला. बाहेर सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा."

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. आई मूळची वडप्याकडची. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "बहिरा हाय तं काय झाला? तुजा बापूस काय आयकतो? त्याला कोन कामावरना काढतो काय? आनि ह्या बाहेर कुटं बोलू नको, सांगून ठेवतंय."

आम्ही कुणी बाहेर बोललो नाही. उलट सगळी व्यवस्थाच बसवली. प्रश्न विचारायचा तर उभं राहून, सरांकडे तोंड करून विचारायचा. घंटा झाली की पहिल्या बाकावरच्यानं कंपासपेटी उभी करायची. हेडसर मागून दारात आले की अख्ख्या वर्गानं दाराकडे बघायचं, म्हणजे सरही तिकडे बघायचे. जी मुलं म्हशीचा आवाज काढत होती तीच यात सगळ्यात पुढे. मला आता वाटतं, हेडसरांनाही ठाऊक असावं. ते सरांशी बोलताना नेहमी समोर येऊन उभे राहत. पण त्यांनी विचारलं नाही आणि सरांनी सांगितलं नाही.

आणि सर शिकवत किती छान! अकरावीची मॅट्रिक जाऊन नुकती दहावी आली होती, तिच्याबरोबर नवं गणित आलं होतं, संच आणि काय काय. जुन्या शिक्षकांनी त्याची धास्ती घेतलेली. सरांनी ते आम्हाला मटकी निवडावी तसं निवडून दिलं. त्यांना ऐकू येत नसल्यामुळे ते आमच्या तोंडांकडे बघत, आणि तोंडाकडे बघणाऱ्या माणसाला फसवता येत नाही. 'समजलं का?' असं विचारल्यावर सगळे वर्ग 'हो' म्हणतात. सर विचारतच नसत. चेहरा बघून सरळ त्या बाकापाशी जात आणि पुन्हा समजावत. मला आयुष्यात गणित समजलं ते त्या दोन वर्षांत.

नववीच्या थंडीत साहेब येणार असं ठरलं.

आमच्या हेडसरांची एक पद्धत होती. शाळेत कुणीही मोठा माणूस आला की सगळ्या शिक्षकांना नववीच्या वर्गात, कारण ती खोली मोठी, फळ्यासमोरच्या चौथऱ्यावर ओळीनं बसवायचं आणि एका विद्यार्थ्यानं त्यांची ओळख करून द्यायची. शिक्षकानं आपली ओळख आपण सांगू नये, ती त्याच्या विद्यार्थ्याच्या तोंडून यावी, असं त्यांचं म्हणणं. नाव, शिक्षण, विषय आणि दोन वाक्यं. नाव घेतलं की त्या शिक्षकानं उभं राहायचं, नमस्कार करायचा, बसायचं. मजकूर हेडसर स्वतः फुलस्केपवर लिहून देत. त्या वर्षी तो कागद माझ्या हातात आला. आवाज.

अडचण लगेच लक्षात आली. साहेबांची खुर्ची दाराशी, मी साहेबांकडे तोंड करून उभी. हेडसरांची सक्त ताकीद होती की साहेबांना पाठ दाखवायची नाही. म्हणजे शिक्षकांच्या ओळीकडे माझी पाठ. गणिताचे सर ओळीत शेवटी, खिडकीशी. त्यांना माझं तोंड दिसणारच नव्हतं. पाळी शेवटची हे माहीत असलं, तरी आपलं नाव नेमकं कधी आलं हे त्यांना कळणार कसं?

मार्ग मैत्रिणीनं काढला. कागद उजव्या हातात धरायचा, आणि गणिताच्या सरांची पाळी आली की डाव्या हातात घ्यायचा. हात मागूनही दिसतात. सरांना आम्ही सांगितलं. त्यांनी मान डोलवली आणि म्हणाले, "एवढं कशाला करता रे?" पण तालमीला मी कागद बदलला की ते लगेच उभे राहत. तीन तालमी झाल्या, तिन्ही बिनचूक.

मी आणखी एक केलं. हेडसरांच्या मजकुरात गणिताच्या सरांबद्दल नुसतं होतं की ते कष्टाळू आणि शिस्तप्रिय आहेत. ते तर प्रत्येकाबद्दलच होतं. मी कुणाला न विचारता त्यात माझी दोन वाक्यं घातली. फार चांगली झाली आहेत असं मला वाटलं आणि ती कधी एकदा बोलून दाखवते असं झालं.

तपासणीचा वार हेडसरांनी मुद्दाम शुक्रवार मागून घेतला. शुक्रवारी भिवंडीचे लूम बंद. साहेबांना शांत शाळा दिसावी म्हणून. त्यांची कल्पना चांगलीच होती. पण त्या दिवशी शाळा इतकी शांत होती की पिंपातलं पाणीसुद्धा हललं नाही, आणि आम्हाला सगळ्यांना चोरट्यासारखं वाटत होतं.

साहेब उंच, चष्मा लावणारे, मऊ बोलणारे. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. ते खुर्चीत बसले, मी सुरुवात केली. हेडसर झाले, मराठीच्या बाई झाल्या. चित्रकलेच्या सरांच्या वर्तुळाचं वाक्य आलं तेव्हा साहेब हसले आणि म्हणाले, "वा! मुलगी छान बोलते."

तिथेच मी वाहवले. माझ्या डोक्यात आलं की हे सगळं मला तोंडपाठ आहे, कागद कशाला हवा? कागद न बघता बोलले तर साहेब आणखी खूष होतील. मी कागद शेजारच्या टेबलावर ठेवला, हात मागे बांधले आणि पुढे बोलत गेले. विज्ञानाचे सर झाले. हिंदीचे सर झाले. मग मी गणिताच्या सरांचं नाव घेतलं, बी.एस्सी., बी.एड. म्हणाले, आणि माझी दोन वाक्यं म्हणाले. "आमचे सर आम्हाला समजलं का असं कधी विचारत नाहीत. ते आमच्या तोंडाकडे बघतात आणि त्यांना कळतं."

साहेबांनी मान वर केली. "असं? कोण ते?"

मागे कुणी उठल्याचा आवाज आला नाही. खुर्ची सरकली नाही. काही क्षण मला काही कळलंच नाही. मी साहेबांच्या तोंडाकडे बघत कौतुकाची वाट बघत होते. मग मला टेबलावरचा कागद दिसला.

मी वळले. सर गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले होते आणि माझ्या रिकाम्या हातांकडे बघत होते. कागद पुन्हा कधी डाव्या हातात येतो, त्याची वाट बघत.

तेवढ्यात वर्गानं ते केलं. कुणी कुणाला सांगितलं नाही, कुणी ठरवलं नव्हतं. समोर बसलेल्या चाळीस पोरांनी एकदम सरांकडे बघून ओठ हलवले. 'सर, उठा.' कुणी तळहात वर उचलत होतं, मागच्या बाकावरचा एक हिंदी बोलणारा पोरगा 'खडे हो जाव, सर' म्हणत होता. आवाज एकाचाही नाही. पलीकडे लूम चालू असते तर ते कदाचित खपून गेलं असतं. शुक्रवारच्या त्या शांततेत चाळीस तोंडं बिनआवाजाची हलताना साहेबांनी बघितली.

सर चटकन उभे राहिले, नमस्कार केला, हसले. साहेबांनी त्यांना हातानं बसायची खूण केली. मग साहेब स्वतः उठले, चौथऱ्यावर चढले आणि खुर्च्या व फळा यांच्यामधल्या जागेतून चालत चालत गणिताच्या सरांच्या मागे जाऊन उभे राहिले.

"मुलांनो," ते शांतपणे म्हणाले, "सगळ्यांनी डोकी बाकावर टेका. डोळे मिटा. मी सांगेपर्यंत कुणी वर बघायचं नाही."

चाळीस डोकी खाली गेली. आम्हाला तेवढंच शिकवलं होतं, मोठ्या माणसानं सांगितलं की ऐकायचं. हेडसर आपल्या बुटाकडे बघत होते. बाकीचे चार शिक्षक समोरच्या भिंतीकडे.

मी उभी होते. मला टेकायला बाक नव्हता. सर माझ्यापासून पाच-सहा हातांवर, आणि आता माझं तोंड सरळ त्यांच्याकडे होतं. साहेबांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं, ते वाकून सरांच्या डोक्याच्या मागच्या बाजूकडे बघत होते. मला नुसते ओठ हलवायचे होते. साहेब विचारतील ते ओठांवर घ्यायचं आणि सरांना द्यायचं. रोज करत होते तेच. एक श्वास लागला असता.

मी डोळे मिटले.

का मिटले, हे मी स्वतःला हजार वेळा विचारलं आहे. भीती वाटली, हे आहेच. पण त्याच्या खाली आणखी एक आहे आणि ते सांगायला लाज वाटते. साहेबांनी मला छान म्हटलं होतं आणि मला अजूनही त्यांच्या नजरेत छान राहायचं होतं.

अंधारात मला साहेबांचा आवाज आला. "सर, आज वर्गाला काय शिकवणार आहात?"

त्यांनी पुन्हा तेच विचारलं.

"सर, आज वर्गाला काय शिकवणार आहात?"

तिसऱ्यांदा त्यांनी थोडं मोठ्यानं विचारलं. त्यांचाही आवाज जरा अडखळला. बाकावर कुणीतरी मुसमुसत होतं. मग साहेब म्हणाले, "ठीक आहे. वर बघा मुलांनो."

मी डोळे उघडले. सर माझ्याकडेच बघत होते. त्यांना काय झालं ते कळलं असणारच, पण ते खुर्चीतून उठले, टेबलावरचा खडू घेतला आणि लूम चालू असतानाच्या त्या नेहमीच्या मोठ्या आवाजात, त्या गप्प खोलीत म्हणाले, "साहेब, तास सुरू करू का?"

साहेब दाराकडे जात जात "नको" म्हणाले. त्यांची पाठ होती. सर हातात खडू घेऊन उत्तराची वाट बघत उभे राहिले. मैत्रिणीनं पहिल्या बाकावरून मान हलवून त्यांना सांगितलं.

शेरा काय लिहिला ते आम्ही वाचलं नाही. शिपाईमामा म्हणाले, "गेला तुमचा मास्तर." एप्रिलपर्यंत सरांनी शिकवलं, एकही तास न चुकवता, आणि आमच्यापैकी कुणावरही न चिडता. त्यामुळे आणखीच वाईट वाटायचं. निरोपसमारंभ झाला नाही. तात्पुरत्या माणसाला निरोप देत नाहीत.

वर्गात मला कुणी बोललं नाही. फक्त मैत्रीण दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन मागच्या बाकावर गेली. मी तिला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तू कागद ठेवलास." डोळे मिटल्याचं तिला माहीत नव्हतं. वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. तिचं डोकं बाकावर होतं.

जूनमध्ये गणिताला नवे सर आले. त्यांचे कान उत्तम होते. 'समजलं का?' असं ते दर पाच मिनिटांनी विचारत, आम्ही 'हो' म्हणत असू आणि ते पुढे जात. दहावीला आमच्या वर्गातले बरेच जण गणितात गेले. त्यातले बहुतेक मुलगे मग लूमवर लागले. मी कशीबशी सुटले.

मी बारावीत असताना वडील एका नव्या कारखान्यात लागले. एका दुपारी त्यांचा डबा द्यायला मी तिथे गेले. आत शिरलं की कानांचं जे होतं ते झालं. लूमच्या दोन रांगांमधून आडवी होऊन मी वडिलांपर्यंत पोचले. त्यांनी डबा घेतला, हनुवटीनं रांगेच्या टोकाकडे दाखवलं आणि ओठांनी म्हणाले, "तुजे सर हायत ना ते? चांगला मानूस हाय. आमच्यात बसून जेवतो."

सर बनियनवर होते. केसांत, भुवयांत कापूस. धोट्यातली सूत संपलेली कांडी काढून दुसरी भरत होते. मी परत फिरणार तेवढ्यात त्यांनी मला बघितलं आणि हात वर केला. मग जावंच लागलं.

तिथे ते ओरडत नव्हते. तिथे कुणालाच ऐकू येत नव्हतं आणि सगळ्यांचं बोलणं त्यांच्यासारखंच होतं. त्यांनी ओठांनी विचारलं, "कितवीला?"

"बारावी."

"गणित घेतलंस?"

"नाही."

त्यांनी मान डोलवली. त्यांनी रागावावं म्हणून मी तीन वर्षं तयारी केली होती. काय म्हणायचं, कुठल्या शब्दांत माफी मागायची, सगळं तोंडपाठ. पण ते रागावले नाहीत. हाताचं तेल फडक्याला पुसत ते म्हणाले, "तुला एक विचारायचं राहिलंय. त्या दिवशी सगळी डोकी खाली होती. तुझं एकटीचं तोंड दिसत होतं. मी तुझ्याकडेच बघत होतो. साहेब मागून काय म्हणत होते?"

तीन वर्षांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हेडसरांनी नाही, बाईंनी नाही, आम्ही पोरांनी नाही. विचारलं ते काय होतं, हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं.

माझे शब्द ओठांवर नीट घडेनात. मी सांगितलं ते त्यांना कळलं नाही. "पुन्हा," ते म्हणाले. वर्गात म्हणायचे तसंच. मी एकेक शब्द नीट घडवून म्हणाले, "आज वर्गाला काय शिकवणार, असं विचारलं होतं. तीनदा विचारलं."

त्यांनी ते वाचलं. मग फडकं खांद्यावर टाकलं, डावा तळहात पुढे धरला आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर एक गोल काढला, गोलात एक आडवी रेघ, आणि मध्यापासून त्या रेघेवर एक उभी.

"वर्तुळ," ते ओठांनी म्हणाले. "केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो. तयारी करून आलो होतो."

मागे त्यांचा एक लूम थांबला. धागा तुटला असावा. त्यांनी मला थांब म्हणून खूण केली, वळले आणि वाकून तुटलेलं टोक शोधायला लागले.

"सर, मी डोळे मिटले होते," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, माझ्या त्या छान आवाजात. त्यांची पाठ माझ्याकडे होती.